नव्याच्या पिंपातली जुनी भुकटी

मित्रांनो, मी नायलॉनची एक जुनी भुकटी आहे. भुकटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खडूची पूड आली असेल. दिसायला मी तशीच आहे. पांढरी, मऊ, बोटांतून निसटणारी. मला नुसते पाहून माझे वय कुणालाच सांगता येत नाही. चेहऱ्यावर सुरकुती नाही, आणि केस पिकायचे म्हणाल तर मी जन्मापासूनच पांढरी. या गुणाचा मला पूर्वी फार तोरा होता. आता त्याचीच मला भीती वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातल्या उंच पोलादी टाकीत झाला. तिथे नायलॉन आधी विरघळवले आणि मग सावकाश निवू दिले. दूध नासताना त्यात कण दिसू लागतात ना, तशी मी त्या द्रवात दिसू लागले. मला वाळवले, चाळले, पिशव्यांत भरले आणि दूर धाडून दिले. आम्ही कण इतके की मोजायला बसलात तर वेड लागेल, म्हणून सगळ्यांच्या वतीने मी आपली 'मी' म्हणते. पण त्यामुळे होते काय, की मी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते. थोडी पिंपात, थोडी एखाद्या वस्तूत. जे पिंपात बसून कळले नसते, तेही मला त्यामुळेच कळले. कळले नसते तर बरे झाले असते.

मी ज्या कारखान्यात पोचले तो टायरच्या दुकानामागच्या गल्लीत होता. लोखंडी शटर, आत दोन खोल्या. पुढच्या खोलीत ताईचे कॉम्प्युटरचे टेबल आणि नमुन्याच्या वस्तूंची फळी. मागच्या खोलीत कपाटाएवढे मशीन, हलणारी चाळणी आणि शेजारी शेजारी दोन पिंपे. निळ्या झाकणाचे नव्या भुकटीचे, करड्या झाकणाचे वापरलेल्या भुकटीचे. ताई वस्तूंचे आराखडे काढायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. तिचा थोरला भाऊ, दादा, मशीन चालवायचा. दादाची बायको, म्हणजे वहिनी, भुकटी चाळायची आणि कालवायची. तिघांचा संसार एकच आणि कारखानाही एकच, त्यामुळे घरातली भांडणे इथे यायची आणि इथली घरी जायची.

आता मशीनमध्ये काय होते ते ऐका. एक रोलर मला कागदाएवढ्या पातळ थरात पसरतो. वरचे दिवे मला इतके तापवतात की मी वितळायच्या बेतात येते. मग लेसरचा किरण उतरतो आणि आराखड्याप्रमाणे माझ्यावर फिरतो. जिथे तो टेकतो तिथले कण वितळून एकमेकांत मिसळतात. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. असे करत करत वस्तू उभी राहते, आणि ती होत असताना बाकीची मी तिला चहूबाजूंनी सांभाळून धरते. शेवटी सगळ्याची मिळून एक ढेप होते. ती फोडायची, वस्तू बाहेर काढायची आणि उरलेली भुकटी पुन्हा वापरायला घ्यायची.

पण त्या उरलेल्या भुकटीने तासन्‌तास ताप सोसलेला असतो. तापाने माझ्या आतले धागे लांबत जातात, एकमेकांत गुरफटतात. मग मी पटकन वितळत नाही. शेजारच्या कणात पुरती मिसळत नाही. मधे बारीक पोकळ्या राहतात आणि वस्तू ठिसूळ होते. हेच माझे म्हातारपण. म्हणून नियम असा, की एक डबा जुनी भुकटी घेतली तर एक डबा नवी घालायची. वहिनी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची. तिच्या हातून कधी चिमूटभरही इकडे तिकडे झाले नाही. तरीही जे व्हायचे ते झालेच.

सुरुवातीची वर्षे मोठ्या सुखाची गेली. मी पंपांची झाकणे झाले, चष्म्यांच्या काड्या झाले, एका वाजंत्र्याच्या मोडक्या वाद्याची कळ झाले. एकदा शाळेतली मुले कारखाना पाहायला आली, तुमच्याच वयाची. ताईने त्यांना चाळणी दाखवली आणि सांगितले की आम्ही यातला कणसुद्धा वाया घालवत नाही. बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. दादाची छाती फुगली. माझीही फुगली असती, पण मला छाती नाही.

त्या टाळ्यांनंतरच दादाला ती सवय लागली. ढेप फोडताना त्याच्या लक्षात यायचे की कडेची भुकटी मधल्या भुकटीपेक्षा मोकळी आहे. कडेला ताप कमी, हे खरेच. त्याने ती मुठीत घेऊन पाहिली, बोटांतून सोडली आणि म्हणाला की ही तर कोरीच आहे, हिला जुनीत कशाला ढकलायचे? त्याने ती उचलून निळ्या झाकणाच्या पिंपात टाकली. पहिल्या खेपेला त्याचे फारसे चुकलेही नव्हते. पण पुढे प्रत्येक ढेपेची कड त्या पिंपात जाऊ लागली. तीच कड पुन्हा मशीनमध्ये, पुन्हा कडेला, पुन्हा पिंपात. ताप थोडा असला तरी दर खेपेला तो माझ्या अंगात साठतच होता. दादा हे काम सकाळी करायचा आणि वहिनी दुपारी येऊन भुकटी कालवायची. लपवाछपवी कुणीच केली नाही. एकाने सांगितले नाही आणि दुसरीने विचारले नाही, एवढेच.

नव्याचे पिंप काही रिकामे होईना. नवी भुकटी कशी पुरते बघा, म्हणून ताई खूश होती. नवीन पिशवी फोडायची वेळ लांबत गेली. आणि निळ्या झाकणाखाली, नव्याचे नाव लावून, मी म्हातारी बसून राहिले. वहिनी रोज मोजून एक डबा जुनी आणि एक डबा नवी घ्यायची. खरे तर ती म्हातारीत म्हातारी कालवत होती.

मला तोंड नाही, पण मी गप्प बसले असे कुणी म्हणू नये. मी माझ्या परीने सांगत होते. चाळणीवर माझे खडे राहू लागले. रोलर फिरला की थरावर ओरखडे उठू लागले. वस्तूंची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत येऊ लागली. चाळणीचा आवाज बदलला तेव्हा वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. तिने दादाला सांगितले. दादाने हवा दमट आहे म्हणून वेळ मारून नेली आणि दिव्यांचा ताप किंचित वाढवला. म्हणजे मी आणखी लवकर म्हातारी. खडबडीतपणा घालवायला वस्तू दगडगोट्यांच्या फिरत्या भांड्यात जास्त वेळ घासल्या जाऊ लागल्या. मी पिवळसर पडू लागले होते, पण वस्तू तर शेवटी काळ्या रंगात बुडवायच्या. काळ्याखाली काय झाकले जाते ते कोण बघतो?

आणखी एक खूण होती. प्रत्येक खेपेला वस्तूंबरोबर बोटभर रुंदीची एक पट्टी बनवायची आणि ती वाकवून पाहायची, अशी तिथली पद्धत होती. भुकटी चांगली असेल तर पट्टी वाकते, वाईट असेल तर तुटते. दादा ती दर वेळी वाकवायचा, एकदाही चुकवली नाही. पण तो ढेप पुरती निवायची वाट बघायचा नाही. पट्टी हाताला कोमट लागत असतानाच तो वाकवायचा. कोमट असताना मीही वेताच्या छडीसारखी वाकते. दादा समाधानाने मान हलवायचा आणि पट्टी खोक्यात टाकायचा.

याच दिवसांत मावशी आली.

मावशी म्हणजे दादा आणि ताईच्या आईची बहीण. आई आजारी असायची, म्हणून या दोघांना हिनेच वाढवले. शिवणकाम करून पोट भरणारी, बोलायला फटकळ आणि हसायला मोकळी. काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात तिचा एक पाय गुडघ्याखाली गेला. तिला लावलेला पाय जड होता. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून ती कशीबशी चढायची आणि उतरायची. तिची लेक दिवसभर कामाला जायची आणि लेकीची तान्ही मुलगी मावशीजवळ असायची. खाली अंगणात मुले खेळायची आणि ती नात खिडकीच्या गजांना धरून बघत बसायची.

गुडघ्याखाली उरलेला पाय ज्यात बसवतात त्या, खोट्या पायाच्या वरच्या वाटीला कारखान्यात सॉकेट म्हणत. हलके सॉकेट हवे होते. ताईने मावशीच्या पायाची मापे घेतली. दादाने चेष्टेने विचारले की आता काय शर्यतीत पळणार का?

मावशी म्हणाली, "मला पळायचं नाहीये रे. नातीला कडेवर घेऊन खाली जाता आलं की झालं. पोरीच्या पायाला अजून माती लागलेली नाही."

दादाला ते लागले. त्या दिवशी त्याने वहिनीला बजावले की मावशीच्या पायात जुनी भुकटी कमी घाल, नव्या पिंपातली जास्त घे. वहिनीने करड्या पिंपातला एकच डबा घेतला आणि बाकी सारी निळ्या पिंपातली. ज्याच्यावर माया त्याच्यासाठी चांगल्यातले चांगले, असा त्यांचा साधा हिशेब. मी पिंपातून उपसली जात होते आणि मला धडकी भरत होती. कारण निळ्या पिंपात मी होते, कितीदा तापलेली ते मलाही आठवत नव्हते.

सॉकेट तयार झाले. पट्टी कोमट होती, ती वाकली. सॉकेट घासले, काळ्या रंगात बुडवले, पुसले. मावशीने ते घालून कारखान्यात फेऱ्या मारल्या, टाच आपटून पाहिली आणि पिसासारखे हलके आहे म्हणाली. ताईचे डोळे भरून आले. सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि सॉकेटच्या मागच्या वळणात माझे कण एकमेकांना नीट धरून नव्हते.

मावशीचे ते दिवस फार आनंदात गेले. ती रोज संध्याकाळी नातीला कडेवर घ्यायची, एक हात कठड्यावर ठेवून तिन्ही मजले उतरायची आणि पोरीला मातीत सोडायची. नात माती तोंडात घालायची आणि मावशी खोटे खोटे रागवायची. उतरताना प्रत्येक पायरीवर दोघींचा भार माझ्या मागच्या वळणावर यायचा. काही दिवसांनी तिथे केसाएवढी एक चीर पडली. काळ्या रंगाखाली ती दिसण्यासारखी नव्हती. चालताना कुरकुर ऐकू येऊ लागली. मावशीला वाटले, घोट्याचा खिळा वाजतोय. तिने शिलाई मशीनचे तेल आणून खिळ्यात सोडले. आवाज थांबला नाही, पण आपण तेल घातले म्हणून तिला तो कमी वाटला. चीर पायरीपायरीने वाढत होती.

इकडे कारखान्यात एके दिवशी दुपारी वारा सुटला आणि मागची खिडकी आपटू लागली. भुकटी उडेल म्हणून वहिनीने खोक्यातली एक पट्टी काढून खिडकीच्या फटीत खुपसली. पट्टी कट्‌कन तुटली. तिने दुसरी घेतली, तीही तुटली. तिसरीही. मग तिने खोक्याच्या तळातली, फार जुन्या खेपेची पट्टी काढली. ती दुमडून दोन्ही टोके टेकली तरी तुटेना. वहिनीने ते तुकडे गोळा केले. मग तिने दादाला बोलावले.

"अहो, मला एक सांगा. निळ्या झाकणाच्या पिंपात नवीच भुकटी आहे ना?"

दादा म्हणाला, "नवीच आहे. कडेची तेवढी टाकतो मी त्यात."

"कधीपासून?"

दादा पुढे आला. त्याने तुटक्या पट्टीचा तुकडा उचलला आणि त्याच्या कडेला बोट फिरवले. आतून ती पावासारखी जाळीदार दिसत होती. बोलणे ऐकून पुढच्या खोलीतून ताई आली. तिने तो तुकडा पाहिला आणि तडक मावशीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मावशीचा फोन शिलाई मशीनवर पडला होता आणि मावशी दाराला कडी घालत होती. तिची खाली जायची वेळ झाली होती.

दादा स्कूटर घेऊन सुटला. कारखान्यात पिंपात होते ती मी त्याची पाठ पाहत होते, आणि सॉकेटमध्ये होते ती मी पायऱ्या उतरत होते. मित्रांनो, दोन्हीकडे असून कुठेच काही करता न येणे कसे असते ते मी तुम्हाला समजावून सांगू शकत नाही.

तो जिन्याशी पोचला तेव्हा मावशी शेवटच्या वळणावर आली होती. कडेवर नात. त्याला पाहून मावशी हसली.

"मावशी, तिथंच थांब," दादा म्हणाला. "खाली बस. हलू नकोस."

"बसू कशाला? आता थोडक्याच तर पायऱ्या राहिल्यात. तूच बघ, तुझा पाय कसा चालतो ते."

आणि कौतुकाने दाखवावे म्हणून तिने कठड्यावरचा हात सोडला आणि पुढची पायरी उतरली.

मी मोडले. आवाज फार मोठा नव्हता, वहिनीच्या पट्टीसारखाच होता. मावशी कलली. पडताना तिने दोन्ही हातांनी नातीला पोटाशी आवळून धरले, त्यामुळे स्वतःला सावरायला तिच्याजवळ हात उरला नाही. दादा वर धावला, पण तो पोचेपर्यंत ती पायऱ्यांवरून घसरत त्याच्या पायाशी आली होती.

नातीला खरचटलेसुद्धा नाही. मावशीचे कमरेचे हाड मोडले. दवाखान्यात दादाने तिच्या उशाशी बसून सगळे सांगितले. कडेची भुकटी, निळे पिंप, कोमट पट्टी, काही हातचे राखले नाही. मावशीने त्याला चार शब्द सुनावले असते तर त्याला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "तू बस म्हणालास तेव्हाच बसायला हवं होतं मी."

त्यांनी निळ्या झाकणाचे पिंप पार उपसले. त्या भुकटीतून आणखी कुणाकुणाला काय गेले ते ताईने एकेकाला फोन करून परत मागवले. बहुतेकांनी आणून दिले. काहींचे फोन बदलले होते, काहींनी घरे सोडली होती. म्हणजे मी अजूनही कुठेतरी काळा रंग लावून कुणाचे तरी ओझे वाहते आहे. कुठे, ते मी सांगणार नाही. सांगून तुमची झोप कशाला उडवू?

कारखान्यात आता कडेची भुकटी कडेचीच म्हणून वेगळी राहते. ढेप दुसऱ्या दिवशीपर्यंत निवते आणि मगच पट्टी वाकवली जाते, तीही वहिनीच्या हातून. मावशीला नवे सॉकेट मिळाले, त्याच दिवशी फोडलेल्या पिशवीतले. त्याची गार पट्टी तिघांनी वाकवून पाहिली, मावशीनेही पाहिली. ते पक्के आहे. त्यात मी नाही, म्हणून मी खात्रीने सांगते.

मोडके सॉकेट मावशीने टाकू दिले नाही. त्याच्या फुटक्या कडा तिने कानशीने घासल्या आणि त्यात दोऱ्याची रिळे ठेवली. ती मी, दाराशेजारच्या फळीवर बसलेली. काम हलके आहे आणि मला झेपते. दार उघडे असले की इथून जिना दिसतो.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला फेकू नका. माझी विनवणी वेगळी आहे. मला पुन्हा वापरा, खुशाल वापरा. माझी खेळणी करा, कुंड्या करा, रिळांचे डबे करा. पण म्हातारीला म्हातारी म्हणा. माझ्यावर तरुणपणाचे नाव लिहून माझ्या खांद्यावर माणूस उभा करू नका. मी ते नाव खोडू शकत नाही. मी फक्त खडबडीत होऊ शकते, कुरकुरू शकते. तेव्हा माझे ऐका आणि तुमच्या आधी ज्याने मला हाताळले त्याने काय केले ते विचारा. विचारायला लाजू नका.

मावशी हिंडूफिरू लागली आहे. घरात ती नव्या पायावर झरझर चालते. पण जिन्यापाशी आली की थांबते. पाय काढते, मांडीवर घेते आणि पायरीवर बसून, एकेक पायरी सरकत, तिन्ही मजले उतरते. दादाने किती समजावले, ताई रडली, तिने ऐकले नाही. नात आता मोठी झाली आहे, तिचे दोन्ही पाय धड आहेत आणि शेजारची मुले तिच्या डोळ्यांदेखत धडाधडा उड्या मारत खाली जातात. ती मात्र आजीच्या शेजारी पहिल्या पायरीवर बसते, आजी काढलेला पाय धरते तसे रिकाम्या मांडीवर दोन्ही हात घट्ट धरते आणि सरकत सरकत उतरू लागते. जिना असाच उतरायचा असतो, अशी तिची समजूत आहे.